'भव्य'च्या मागावर : नववीच्या गटाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

२७ फेब्रुवारीला आमच्या कोल्हापूरच्या शाळेत मराठी भाषा गौरव दिनाचं प्रदर्शन आहे. नववीच्या प्रत्येक गटानं एक शब्द निवडायचा, तो कुठून आला ते शोधायचं आणि चार बाय तीनच्या सनबोर्डवर मांडायचं, असं शिक्षकसभेत ठरलं. माझ्या वाट्याला सहा जण आले, चार मुली आणि दोन मुलगे.

मी विचारलं, एखादी गोष्ट बघून आ वासला गेला तर तुम्ही काय म्हणता? "लई भारी." "नाद खुळा." "काटा किर्र." मी म्हटलं, आणि निबंधात लिहायचं झालं तर? सगळे थांबले. मग मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "भव्य. पण मॅडम, ते आम्ही नुसतं वाचतोय. बोलत कोणच न्हाई."

तिथंच शब्द ठरला. रोज डोळ्यांपुढं आहे आणि कुणाच्या तोंडात नाही. असा शब्द कुठून तरी लांबून आलेला असणार, असं मला आतून वाटलं.

८ जानेवारी

शाळा सुटल्यावर बिंदू चौकातून मिरजकर तिकटीवरून खासबागेपर्यंत चालत गेलो. वहीत एकच काम: 'भव्य'च्या पुढं काय लिहिलंय ते टिपायचं. भव्य कुस्ती मैदान. भव्य फुटबॉल स्पर्धा. भव्य रक्तदान शिबिर. भव्य शुभारंभ. भव्य साडी सेल. एका फलकावर 'जंगी निकाली कुस्त्यांचे भव्य मैदान' होतं, म्हणजे एका दमात दोन. एका मुलीच्या लक्षात आलं की फलकावर हा शब्द बहुतेक वेळा सगळ्यात वर असतो आणि नेत्यांच्या नावांनंतरची सगळ्यात मोठी अक्षरं त्याचीच असतात.

खासबागेचं मैदान मुलांनी कुस्तीच्या गर्दीत पाहिलेलं, रिकामं कधी नाही. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, तिथं रोमचं जुनं वर्तुळाकार क्रीडागार पाहून आले आणि इथं हे उभं केलं. १९१२ मध्ये ते पूर्ण झालं. मधे लाल मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक, कुठंही बसा, पैलवान दिसतो. मुलं वरच्या पायरीवर बसली आणि आपोआप हळू बोलायला लागली. शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. त्या बाजूला नजर गेली आणि बोलणं थांबलंच. मी स्वतः तिथं पहिलं नाटक पाहिलं ते सहावीत असताना, वडिलांच्या मांडीला टेकून.

११ जानेवारी

आज पहाटे जे झालं ते लिहून ठेवायलाच हवं. सासूबाई रोज साडेपाचला विष्णुसहस्रनाम म्हणतात. सोळा वर्षं ऐकतेय. आज चहाचं आधण ठेवताना पहिलाच श्लोक कानावर आला, 'विश्वं विष्णुर्वषट्कारो भूतभव्यभवत्प्रभुः', आणि हात थांबला. भूत, भव्य, भवत्. भूत म्हणजे झालेलं, भवत् म्हणजे चाललेलं. मग भव्य म्हणजे?

पाठ संपेपर्यंत थांबले. मग विचारलं, "आई, यातलं भव्य म्हणजे काय हो?"

"होणारं," त्या म्हणाल्या. "झालेलं, होणारं आणि आत्ताचं, तिन्हीचा धनी. एवढं पण ठाऊक नाही होय गं तुला?"

नव्हतं ठाऊक. मराठी शिकवून एकोणीस वर्षं झाली. संध्याकाळी पुरुषसूक्त काढून बघितलं, तिथंही तेच: 'यद्भूतं यच्च भव्यम्'. जे झालं आणि जे होणार. म्हणजे ऋग्वेदातलं भव्य हे मोठं नाही, ते पुढचं आहे.

१३ जानेवारी

मुलांना सांगितलं. एक मुलगी लगेच म्हणाली, "मग भव्य मैदान म्हणजे होणारं मैदान?" सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण माझ्या डोक्यात तोच प्रश्न सकाळपासून घुमत होता. 'होणारं' पासून 'डोळे दिपवणारं' इथवर शब्द आला कसा?

अमरकोश, समानार्थी शब्दांचा जुना संस्कृत कोश, उघडला. 'भावुकं भविकं भव्यं कुशलं क्षेमम्' अशी ओळ कल्याणाच्या, शुभाच्या नावांमध्ये सापडली. इथंही आकाराचं नाव नाही. भव्य म्हणजे चांगलं, क्षेमाचं, मंगल. वाटेतली एक पायरी मिळाली.

गटातल्या एकाला मोबाइलवर कुणी तरी पाठवलेलं वाचायला मिळालं की भव म्हणजे शंकर, म्हणून शंकरासारखं विशाल ते भव्य. ऐकायला फार सुंदर. मी फळ्यावर लिहूनसुद्धा दिलं. आता वाटतं, खात्री करून मगच लिहायला हवं होतं.

१८ जानेवारी

राजारामपुरीत आमच्या जुन्या संस्कृतच्या सरांकडे गेले. वय ८४. कॅलेंडरच्या उलट्या बाजूवर त्यांनी पेन्सिलीनं लिहून दाखवलं: भू म्हणजे होणं, त्याला 'यत्' प्रत्यय, भू चा भो, पुढं य आला म्हणून भो चा भव्, झालं भव्य. "पूज्य म्हणजे ज्याची पूजा करावी. देय म्हणजे जे द्यावं. तसं भव्य म्हणजे जे व्हावं."

'होणारं' आणि 'व्हावं', या दोन क्रियापदांत सगळी गोष्ट आहे, हे मला त्यांच्या समोर बसल्या बसल्या उमगलं. जे होणार आहे, ते पुढं जे व्हायला हवं ते झालं. जे व्हायला हवं ते योग्य. योग्य ते चांगलं, शुभ. शुभ ते देखणं. आणि देखणेपण वाढत वाढत जेव्हा बघणाऱ्याला दबवून टाकतं, तेव्हा आपलं आजचं भव्य. संस्कृत कोशात भव्यचे अर्थ याच वाटेवर मांडलेले सापडतात: होणारा, योग्य, उत्तम, सुंदर, शुभ. आकार त्यात शोधावा लागतो.

शंकराचं सांगितलं तेव्हा सर म्हणाले, "भव हे त्याचं नाव खरं. पण तेही भू पासूनच आलेलं. भव्य हा भवाचा मुलगा नव्हे, भाऊ." सोमवारी फळ्यावरचं पुसून हे लिहायचं.

मग त्यांनी अष्टाध्यायी, पाणिनीचं संस्कृत व्याकरण, काढली. पूज्य, देय अशा शब्दांमध्ये क्रिया कुणावर तरी होते. पूज्य स्वतः पूजा करत नाही. पण पाणिनीनं सात शब्दांना वेगळी मुभा दिलीय, सूत्र ३.४.६८, आणि त्या यादीत पहिलाच शब्द भव्य. तो कर्त्याच्या अर्थानंही चालतो. म्हणजे जो स्वतः होतो तोही भव्य. "बाकीच्यांवर होतं, हा स्वतः होतो," असं म्हणून सरांनी पुस्तक मिटलं आणि चष्मा पुसत बसले. मी पण थोडा वेळ काहीच बोलले नाही.

निघताना उंबऱ्यात त्यांनी आणखी एक शब्द दिला: उदात्त. साहित्याच्या पुस्तकांत आपण तो डोळे विस्फारून टाकणाऱ्या थोरपणासाठी वापरतो. त्याचा मूळ अर्थ वर उचललेला. वेद म्हणताना जो स्वर उंच लागतो तो उदात्त, 'उच्चैरुदात्तः' असं पाणिनीचं सूत्रच आहे. ऋग्वेदाच्या पोथीत अनुदात्ताखाली, म्हणजे खालच्या स्वराखाली, आडवी रेघ असते, स्वरितावर, म्हणजे उंचावरून उतरणाऱ्या स्वरावर, उभी रेघ असते. "आणि उदात्ताला?" मी विचारलं. "काही नाही. त्याला खूण लागत नाही."

२० जानेवारी

मुलांनी 'भू'चं झाड काढलं. खोडावर भू, आणि फांद्यांवर भूत, भविष्य, भवितव्य, भाव, भावना, स्वभाव, अनुभव, संभव, प्रभाव, प्रभू, भवन, वैभव, विभूती. "पराभव पण?" हो, तोही. कुस्ती खेळणाऱ्या मुलानं ती फांदी स्वतः रंगवली, निळ्या रंगात.

इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडम खांद्यावरून बघत होत्या. त्यांना सांगितलं की लॅटिनमधून आलेला 'फ्युचर' आणि इंग्रजीतला 'बी' हे दोन्ही याच धातूच्या लांबच्या घरातले. त्यांनी खडू घेऊन झाडाच्या बाहेर, कुंपणापलीकडं, एक रोप काढून दिलं. छान दिसतंय.

२५ जानेवारी

आमच्या गल्लीत, शुक्रवार पेठेत, लक्ष्मीसेन मठ जवळ असल्यानं जैन घरं बरीच. शेजारच्या मावशी रोज मठात प्रवचनाला जातात. आज दुपारी त्यांच्याकडे दही मागायला गेले, तर त्या परातीत भिजलेले मूग घेऊन बसल्या होत्या. संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत, त्यामुळे त्यांच्या घरी तीनलाच स्वयंपाकाची घाई सुरू होते. मी सहज म्हटलं की मुलांचा प्रकल्प चाललाय, भव्य या शब्दावर.

"आमच्यात रोज म्हणत्यात की," त्या म्हणाल्या. "महाराज सुरुवातच तशी करत्यात. हे भव्य जीवांनो!"

मी दही विसरले. "म्हणजे काय मावशी? मोठे जीव?"

"मोठे कशाचे? ज्याला मोक्ष मिळायचा हाय, त्यो भव्य. आज नसंल मिळत, लाख जन्मानं मिळंल, पण हुईल. आन ज्याला कधीच न्हाई, त्यो अभव्य."

मग त्यांनी परातीत बोट फिरवलं. भिजलेले मूग टपोरे झाले होते, साल सुटायला आलेली. त्यांत एक दाणा वेचून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. तो तसाच होता, काळपट हिरवा, बारीक, कडक, आदल्या रात्री पाण्यात घातलाच नसावा असा. नखानं दाबला तर टिचकीसारखा उडाला.

"ह्यो गणंग. कितीबी शिजव, शिजत न्हाई. महाराज ह्येचाच दाखला देत्यात. बाकीचे मूग भव्य, ह्यो अभव्य. दोघंबी एकाच पाण्यात, एकाच चुलीवर."

"पण बघून कळतं का, कोणता शिजणार?"

"भिजवल्याबिगर कसं कळंल?"

घरी येऊन तत्त्वार्थसूत्र हा जैनांचा सूत्रग्रंथ उघडला. दुसऱ्या अध्यायातल्या सातव्या सूत्रात 'जीवभव्याभव्यत्वानि च' असं आहेच. आणि पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी टीकेत व्याख्या दिलीय ती थेट व्याकरणातून उचललेली: सम्यग्दर्शन (खरी श्रद्धा) वगैरे रूपानं जो होणार आहे, 'भविष्यतीति भव्यः'. सरांनी पेन्सिलीनं लिहिलेलं आणि मावशींनी परातीत दाखवलेलं एकच. चौकातल्या फलकावरून जुना अर्थ कधीच गेला, असं मी धरून चालले होते. तो माझ्या भिंतीपलीकडच्या घरात रोज बोलला जातोय. आमच्या गटातल्या मुलाचं 'बोलत कोणच न्हाई' हे चुकलं, आणि माझंही.

मावशींनी चार गणंग दाणे कागदाच्या पुडीत दिले. प्रदर्शनात ठेवणार.

३१ जानेवारी

किरणोत्सवाचा पहिला दिवस. अंबाबाईच्या देवळात गर्दी इतकी की आम्ही महाद्वाराच्या आतही जाऊ शकलो नाही. मावळतीचे किरण महाद्वारातून शिरून गाभाऱ्यापर्यंत जातात, पहिल्या दिवशी चरणांना, दुसऱ्या दिवशी त्याच्या वर, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि आत्ता. ढग, धूळ, वाटेतल्या इमारती, यांतून वाचले तर. आमच्या डोक्यांवरून तो पिवळा पट्टा आत जाताना दिसला, तेवढ्यावर समाधान.

मुलांनी वाटेत विचारलं, मग दिव्य? दिव् म्हणजे आकाश, प्रकाश. त्यातलं ते दिव्य. पण मराठीत 'दिव्य करणं' असंही आहे. मराठेशाहीत तंट्यात साक्षीपुरावा पुरेना की उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायला लावत, रवा दिव्य म्हणत त्याला. हात भाजला नाही तर खरा. म्हणून आजही आपण 'दिव्यातून जातो'. आपण भव्यदिव्य असं एका श्वासात म्हणतो, पण दोघांची घरं वेगळी.

३ फेब्रुवारी

आमच्या फलकाच्या डाव्या बाजूला भव्यच्या शेजारपाजारचे शब्द द्यायचे ठरले. पटापट टिपून ठेवते. विराट: वि आणि राज्, झळकणं, सत्ता चालवणं. आलिशान: अरबीतून फारसीमार्गे, आली म्हणजे उंच, शान म्हणजे प्रतिष्ठा. जंगी: फारसी जंग, लढाई, म्हणून कुस्त्यांना तो शोभतो. थोर: प्राकृत थोर, संस्कृत स्थूल, म्हणजे मुळात जाड. प्रचंड: चंड म्हणजे उग्र. दबदबा: नगाऱ्याचा, टापांचा आवाजच तो. भवानी मंडपाच्या नगारखान्याखाली उभं राहून तोंडानं म्हणून बघा.

अजस्र मात्र जरा सावकाश सांगायला हवा. आज आपण तो मोठ्या आकारासाठी वापरतो, पण मूळ अर्थ न थकणारं, न थांबणारं. जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर येते तेव्हा इशारा लागतो, ४३ ला धोका. त्या दिवसांत धारा रात्रंदिवस लागून राहतात. तेव्हा 'अजस्र पाऊस' म्हटलं की शब्द नकळत आपल्या जुन्या घरी जातो.

आणि भारी. मुलांना हा शब्द फलकावर घ्यायला संकोच वाटत होता, गावठी म्हणून. मी म्हटलं, गुरु म्हणजे जड, त्यावरून गौरव. भार म्हणजे वजन, त्यावरून भारी. 'गौरव दिन' आणि 'लई भारी' यांत एकच कल्पना आहे, जे मनावर वजन टाकतं ते मोठं. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आम्ही रोज संस्कृतातलंच बोलतोय व्हय!" तसं नव्हे, पण तिला जे कळलं ते बरोबर होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

खिद्रापूर. सकाळी लवकर निघून कुरुंदवाडमार्गे पोचलो. कोपेश्वराचं देऊळ, शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. दाराशी यादव राजा सिंघणाचा देवनागरीतला शिलालेख आहे. मुलं बोटं न लावता एकेक अक्षर ओळखत बसली, 'हा श्री बघा', 'हा म आपल्यागतच हाय'.

पण मला मुलांना दाखवायचा होता तो स्वर्गमंडप. ४८ खांब, त्यांतले बारा मधे गोल उभे, आणि त्यांच्या वर छत नाही. गोल कडं, त्यातून आकाश. खाली जमिनीवर त्याच मापाची गोल शिळा. एका मुलीनं सुतळी आणली होती. शिळा मोजली, तेरा फुटांच्या आसपास भरली. "मी मोजलो मॅडम, दोनदा मोजलो." तेरा फूट म्हणजे आमच्या वर्गाच्या निम्म्यापेक्षाही कमी.

मी एकेकाला त्या शिळेवर मधोमध उभं केलं आणि वर बघायला सांगितलं. कुस्तीवाला मुलगा सगळ्यात जास्त वेळ उभा राहिला. मान खाली केल्यावर मी विचारलं, भव्य आहे का?

"मोठं न्हाई मॅडम." मग जरा थांबून, "पर मी बारीक झाल्यागत वाटलं. आन हितनं जाऊ ने असं पन वाटलं."

मी हे शब्द लगेच वहीत लिहून घेतले. बारीक झाल्यासारखं वाटणं आणि तरी तिथंच थांबावंसं वाटणं. नुसत्या मोठ्या गोष्टीपुढं माणूस बारीक होतो आणि पळतो. भव्यपुढं थांबतो, कारण त्यात काही तरी त्याच्या भल्याचं आहे. अमरकोशातलं क्षेम इथं आलं. मला ही गोष्ट पुस्तकात मिळाली नव्हती.

परतताना गजपट्टातल्या हत्तींच्या तुटलेल्या सोंडांवरून बाकीच्यांचा वाद चालला होता, कुणी तोडल्या यावर. तो मुलगा खिडकीशी गप्प होता.

१२ फेब्रुवारी

काल रात्री एक विचार आला आणि झोप उडाली. चौकातला फलक कार्यक्रमाच्या आधी लागतो! भव्य मिरवणूक, भव्य मैदान, हे सगळं अजून व्हायचं असतं. म्हणजे फलकावरचं भव्य अजूनही 'होणारं'च आहे. मी मोठ्या उत्साहानं मुलांना सांगितलं.

मागच्या बाकावरच्या मुलानं आज वर्तमानपत्राचं कात्रण आणलं. 'भव्य शोभायात्रा उत्साहात संपन्न.' "झाल्यावर पण भव्यच लिहित्यात मॅडम."

बरोबर आहे त्याचं. आमच्या फलकावरून ती ओळ काढली. त्याला मी सांगितलं की हे कात्रण प्रकल्पाच्या वहीत चिकटव आणि खाली तुझं नाव घाल.

मग ती मुलगी, जिनं पहिल्यांदा 'होणारं मैदान' म्हटलं होतं, तिनं विचारलं, "जळालेल्या नाट्यगृहाला भव्य म्हणायचं का?" वर्गात कुणी बोललं नाही. मी म्हटलं, आजच्या अर्थानं ते भव्य होतं. जुन्या अर्थानं ते आज जास्त भव्य आहे, ते व्हायचंय. ती म्हणाली, "मग दोन्ही अर्थ लिवू." लिहिले.

१७ फेब्रुवारी

कोकणातून एका पालकांनी मोठ्या करमळाचं फळ आणून दिलं. संस्कृतात या फळाचं नाव भव्य. नारळाएवढं नाही, पण मोठ्या पेरूपेक्षा बरंच मोठं, हिरवं, जड, एकावर एक पाकळ्या घट्ट मिटल्यासारखं. त्या पाकळ्या नाहीत. फुलाच्या खालची हिरवी निदलं फूल गळल्यावर जाड होत जातात आणि फळाला मिठी मारतात, आपण खातो तो आंबट भाग म्हणजे तीच निदलं. जीवशास्त्राच्या सरांनी आडवं कापून दाखवलं. मुलांनी मिठाबरोबर चाखलं, तोंडं वेडीवाकडी झाली.

झाडाला हे नाव का मिळालं, त्यावर मी काही तर्क लढवत नाही. फळ फलकाशेजारी ठेवू.

२१ फेब्रुवारी

छापायला दिलेला मजकूर आज प्रूफ होऊन आला. सगळीकडं 'भव्य'चा 'भव् य' झालेला. व चा पाय मोडलेला, य लांब उभा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षर तुटलं होतं. प्रेसवाल्या दादांचं म्हणणं, "लांबनं कळत नाही मॅडम." मी म्हटलं, दादा, अख्खा फलक याच एका अक्षरावर आहे. शेवटी त्यांच्या संगणकाशेजारी स्टुलावर बसून आम्ही सतरा ठिकाणी दुरुस्त केलं. त्यांनी शेवटच्या तीन ठिकाणी मला न विचारता स्वतः शोधून काढलं, आणि चहा मागवला.

२४ फेब्रुवारी

मावशींच्या मुगांच्या दोन बाटल्या केल्या. एकीत साधे मूग ओल्या कापसावर, एकीत ते चार गणंग. साध्यांना दुसऱ्या दिवशी मोड आले. गणंग तीन दिवस तसेच, पाण्यात पडलेल्या खड्यांसारखे. बाटल्यांवर चिठ्ठ्या: 'भव्य', 'अभव्य'.

जीवशास्त्राच्या सरांनी बाटली उजेडात धरली. "मेलेले नाहीत हे," ते म्हणाले. "साल पाणी आत घेत नाही, एवढंच. ओरखडा काढून बघा."

कानसेनं एका दाण्याच्या सालीवर, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, हलकी रेघ मारली. अगदी केसाएवढी. बाकी तीन तसेच ठेवले.

२७ फेब्रुवारी

प्रदर्शन झालं. फलकापुढं गर्दी बरी होती. पालकांना भूच्या झाडात आपली नावं सापडत होती, वैभव, प्रभावती, विभूते. संस्कृतचे सर रिक्षानं आले, उदात्ताला खूण नसते ही ओळ वाचून मान हलवली. सासूबाईंनी शेजारच्या बाईंना विष्णुसहस्रनामाची ओळ स्वतः समजावून सांगितली.

मावशी दुपारी आल्या. मी त्यांना बाटलीकडं नेलं. रेघ मारलेला दाणा परवाच फुगला होता, आणि आज सालीतून पांढरं टोक बाहेर आलेलं. बाजूचे तीन जसेच्या तसे. मला भीती वाटत होती, त्यांना वाईट वाटेल म्हणून. महाराजांच्या दाखल्याला आम्ही कानस लावली होती.

त्यांनी पदरानं चष्मा पुसला, वाकून बराच वेळ बघितलं.

"मग ह्यो अभव्य नव्हताच गं," त्या म्हणाल्या. "ह्येला दूरभव्य म्हंत्यात. लई उशिरा व्हतो, पर व्हतो. आपुनच गणंग म्हटलं त्येला."

"आणि हे तीन?"

"त्येंचं मला काय ठावं?"

मुलीनं चिठ्ठी काढून नवी लिहिली. 'दूरभव्य : १'. उरलेल्या तिघांसाठी तिनं चिठ्ठी कोरी ठेवली.

१ मार्च

फलक वाचनालयात लावला. करमळ सडायला लागलं, झाडाखाली पुरलं. दूरभव्य दाण्याचा मोड आज दीड सेंटिमीटर. कुस्तीवाल्या मुलानं तो कुंडीत लावायला घरी नेलाय, आणि बाकीच्या तिघांसाठी कानस मागून ठेवलीय.